पितामहाचे ऋण आणि नातवाचे आचरण

दिवंगत आजोबांचे स्मरण त्यांच्यासाठी असते की मागे राहिलेल्यांसाठी, या प्रश्नाला सांगली-मिरज परिसरात एकच उत्तर मिळत नाही, कारण कुपवाडसारख्या गावात भाद्रपदाच्या वद्य पक्षात म्हाळ घालणारी कुटुंबे आणि तत्त्वतः श्राद्ध न मानणारी जैन व लिंगायत कुटुंबे शेजारीशेजारी नांदत आली आहेत. पुण्यस्मरणाचे फलक सर्वांचेच लागत असले, तरी मृत्यूनंतर काय उरते याविषयीच्या त्यांच्या धारणा मुळातच वेगळ्या आहेत.

स्मार्त परंपरेत, म्हणजे स्मृतिग्रंथांना प्रमाण मानणाऱ्या परंपरेत, श्राद्धातील आजोबा हे व्यक्तीपेक्षा पद अधिक असतात. पिता, पितामह आणि प्रपितामह यांना तेथे अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांचे रूप मानले जाते. मृताला प्रेतावस्थेतून पितृपदाला नेणारा विधी म्हणजे सपिंडीकरण. त्यात मृताच्या पिंडाचे तीन भाग करून ते त्याच्या आधीच्या तीन पिढ्यांच्या पिंडांत मिसळतात, आणि त्यामुळे सर्वांत वरची पिढी पिंडाचा अधिकार सोडून केवळ हाताला चिकटलेल्या अन्नाची वाटेकरी, म्हणजे लेपभाक्, होते. आजोबांचा राग, त्यांची थट्टा, पानात अन्न टाकू न देण्याचा त्यांचा कटाक्ष यांना या रचनेत स्थान नाही. विधीला नाव आणि गोत्र पुरते. यास कोणी कोरडेपणा म्हणेल, परंतु ज्याने आजोबांना पाहिलेच नाही अशा नातवालाही त्यामुळेच स्मरणाचा अधिकार मिळतो, ही गोष्ट सामान्य नव्हे.

जैन दर्शनाचा आक्षेप याहून मूलगामी आहे. देह सुटल्यावर जीव काही समयांतच, म्हणजे काळाच्या अविभाज्य अशा काही अंशांतच, नव्या जन्मस्थानी पोहोचतो आणि प्रत्येकाचे कर्म ज्याचे त्यालाच भोगावे लागते, असे मानल्यावर नातवाने दिलेले अन्न कोणापर्यंत पोहोचावे, हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे. बारा अनुप्रेक्षांपैकी, म्हणजे वारंवार करावयाच्या चिंतनांपैकी, एकत्व-अनुप्रेक्षा तर जीव एकटाच येतो आणि एकटाच जातो याचेच चिंतन करावयास सांगते. आजोबांच्या मायेला ही भूमिका निष्ठुर वाटते. पण उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र जीवांचे एकमेकांवरील कार्य परस्परांना साहाय्य करणे हेच सांगते, आणि शिकवणीचा विचार तेथून सुरू होतो. ज्या द्रव्याचे स्वतः कार्यात रूपांतर होते ते उपादान कारण आणि जे बाहेरून साहाय्य करते ते निमित्त कारण, हा भेद लावला तर नातवाच्या सचोटीचे उपादान त्याचाच आत्मा ठरतो आणि आजोबा निमित्त ठरतात. निमित्त होणे म्हणजे कमी मोलाचे असणे नव्हे.

विशेष असे की, वैदिक परंपरेतील पितृऋणाची कल्पनाही स्मरणाची दिशा पुढेच वळवते, कारण तैत्तिरीय संहितेनुसार हे ऋण फिटते ते अपत्याने, म्हणजे देणे मागच्या पिढीचे आणि फेड पुढच्या पिढीकडे. अपत्याचा अर्थ रक्तापुरता ठेवण्याचे कारण नाही. वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकशी नाते सांगणाऱ्या जैन शेतकरी घराण्यातील कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढून निरनिराळ्या जातींच्या मुलांना एकत्र राहून स्वतः कष्ट करावयास लावले. त्या मुलांच्या नातवंडांपर्यंत आलेला स्वावलंबनाचा संस्कार कोणत्या गोत्रात मोजावा?

कुपवाडच्या शिवारात औद्योगिक वसाहत उभी राहिली, 1998 मध्ये गाव सांगली-मिरजेसह महापालिकेत गेले, आणि वाफसा ओळखण्याचे, बैल पारखण्याचे आजोबांचे ज्ञान अनेक नातवांच्या उपयोगाचे उरले नाही. उरतात त्या वृत्ती, आणि त्या सगळ्याच चांगल्या नसतात: दारी आलेल्याला जेवू घालणारे आजोबा कधी त्याची जात विचारून पंगत ठरवणारेही असत. श्राद्ध पूर्वजाला त्याच्या गुणदोषांची छाननी न करता स्वीकारते, तर उपादान-निमित्ताचा विचार निवडीचा भार नातवावर टाकतो, आणि निवडीच्या बाबतीत हा दुसरा विचार अधिक सयुक्तिक वाटतो. आजोबांचे आतिथ्य ठेवून त्यांचा जातिभेद टाकणाऱ्या नातवाने त्यांचा अवमान केला, असे पितृऋणाच्या मूळ अर्थानेही म्हणता येत नाही, कारण त्या ऋणाची फेड ज्यांच्याकडे व्हावयाची, ती मुले त्याच पंगतीत बसणार असतात.