शुक्राचे कातळ आणि ईश्वराची योजना

१ मार्च १९८२ रोजी सोव्हिएत संघाचं व्हेनेरा-१३ हे यान शुक्रावर उतरलं. ३२ मिनिटं टिकावं अशा बेतानं बांधलेलं ते यंत्र १२७ मिनिटं तगलं. त्यानं पाठवलेल्या रंगीत छायाचित्रात यानाची दातेरी कड दिसते, शेजारी पडलेलं कॅमेऱ्याचं झाकण दिसतं आणि पुढे नारिंगी उजेडात पसरलेले चपटे, भेगाळलेले कातळ. बाहेर तापमान ४५० अंश सेल्सिअसच्या वर, हवेचा दाब पृथ्वीच्या जवळपास ९० पट. वर गंधकाम्लाचे ढग.

आकारानं हा ग्रह पृथ्वीचा जुळा. म्हणूनच श्रद्धेच्या एका जुन्या, लाडक्या युक्तिवादाला तो अडचणीत आणतो. सूर्यापासून बेताचं अंतर, मुबलक पाणी, श्वासाजोगी हवा. एवढं सगळं जुळून आलंय, तर ते कुणीतरी आखलेलंच असणार, असं म्हटलं जातं. मग जुळ्याच्या वाट्याला ही होरपळ का?

भूविज्ञानाचं उत्तर विलक्षण आहे. शुक्राच्या हवेत जेवढा कार्बन आहे, साधारण तेवढाच पृथ्वीकडेही आहे. पण इथे तो मुख्यतः चुनखडीसारख्या खडकांत अडकून पडलाय. पावसात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो, त्यातलं कॅल्शियम नद्यांवाटे समुद्रात जातं, कार्बनशी जोडलं जाऊन शिंपल्यांत-प्रवाळांत साठतं आणि तळाशी थरावर थर चढतात. शुक्रावर हे चक्र चालायला पाणीच उरलं नाही. सूर्यप्रकाशानं वाफेचे रेणू फोडले, हायड्रोजन अवकाशात निघून गेला.

जिथे जगता येतं, तिथेच असा प्रश्न विचारणारा जन्मतो, हेही खरं. त्यामुळे पृथ्वीची अनुकूलता हा ईश्वराचा पुरावा ठरत नाही.

पण श्रद्धा या पुराव्यावरच उभी आहे का? गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहून अर्जुन थरथरतो आणि ओळखीचं सौम्य रूप परत मागतो. ईश्वर माणसाच्या सोयीपुरता नाही, ही जाण त्या परंपरेत आधीपासून आहे. शुक्राचं छायाचित्र तिला हादरवत नाही. हादरते ती देवाला आपल्या सुखसोयींचा व्यवस्थापक मानणारी समजूत, आणि ती हादरायलाच हवी.

मंगळाचा प्रश्न त्याहून बोचरा. जेझेरो विवरात साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी सरोवर होतं. नदीनं रचलेला त्रिभुज प्रदेश आजही ओळखू येतो. २०२१ पासून पर्सिव्हिअरन्स ही गाडी तिथले खडक तपासतेय. आज तिथल्या हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. तिथे कधीकाळी सूक्ष्मजीव होते आणि पाण्याबरोबर तेही संपले, असं उद्या सिद्ध झालं, तर ईश्वराच्या करुणेबद्दल बोलणाऱ्यांना त्यांचाही विचार करावा लागेल. पाप-पुण्याचा हिशेब त्यांना लागू करता येणार नाही.