नगराबाहेर बसलेला योना

शास्त्रपाठ : योना ४:१–११

योनाची गोष्ट आमच्या रविवारच्या शाळांतून बहुधा माशाच्या पोटापर्यंतच सांगितली जाते. मासा मुलांना आवडतो आणि फळ्यावर काढायलाही सोपा. फार तर निनवेकरांनी गोणपाट नेसून पश्चात्ताप केला इथवर शिक्षक येतात, तोवर घंटा होते. चौथा अध्याय राहून जातो. आम्हीही कित्येक वर्षे तो असाच सोडून दिला, हे प्रथम कबूल केले पाहिजे.

त्या अध्यायात संदेष्टा नगराबाहेर, पूर्वेच्या बाजूस, मांडव घालून बसला आहे. संदेश देऊन झाला आहे. आता या नगराचे काय होते ते त्याला सावलीत बसून पाहायचे आहे. नगर वाचले याचा त्याला राग आला आहे, पण आशा अजून सुटलेली नाही. कदाचित पडेलही आग!

योनाचा राग पोकळ नव्हता. निनवे ही अश्शूरांची नगरी. त्यांच्या क्रौर्याने आसपासची राष्ट्रे थरथरत. पुढे याच अश्शूरांनी इ. स. पू. ७२२ च्या सुमारास शोमरोन घेतले आणि इस्राएल लोकांना देशोधडीला लावले. अशा शत्रूचे घर जळताना पाहावेसे वाटणे ही काही परक्याची गोष्ट नव्हे. २०२५ च्या एप्रिलात पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत आपल्या महाराष्ट्रातील सहा जण होते. आमच्याही मनात संताप होता आणि तो रास्त होता. मग ७ मे रोजी आपल्या सैन्याने सीमेपलीकडे मारा केल्याची बातमी आली. त्या दिवशी आम्ही दूरदर्शन संचासमोरून उठलो नाही. कोसळलेल्या भिंतींची तीच ती चित्रे पुन्हापुन्हा पाहिली. त्या भिंतींच्या आत कोण होते, हा प्रश्न मनात आलाच नाही असे नाही. आला, पण आम्ही तो बसू दिला नाही. त्याच दिवशी पलीकडून आलेल्या तोफगोळ्यांनी पुंछमध्ये आपली माणसे मेली, त्यांत लहान मुले होती. ती चित्रे मात्र आमच्याने पाहवली नाहीत. मांडव घालून बसलेला योना आम्हांला त्या दिवशी फार ओळखीचा वाटला.

त्यानंतर डिसेंबरात गोव्यात जाण्याचा योग आला. डिचोली तालुक्यातील आमोणे या मांडवीकाठच्या गावी एका स्नेह्यांकडे आमचा मुक्काम होता. त्यांच्या शेजारचे एक वृद्ध गृहस्थ संध्याकाळी ओसरीवर येऊन बसत. १९६१ साली ते सात वर्षांचे होते. १८ डिसेंबरच्या सकाळी नदीच्या पलीकडून, दाबोळीच्या दिशेने, ढग गडगडावेत तसे आवाज येऊ लागले. त्यांच्या आईने मुलांना घरातून अंगणात ओढले आणि मोजले. मुले पाच; मोजणी सहा आली. पुन्हा मोजले, पुन्हा सहा. शेजारचे एक पोर त्यांत मिसळले होते. तिने त्यालाही धरून ठेवले. वडिलांनी गोठ्यात जाऊन गुरांची दावी सोडली. विमाने कुणाची, पाखल्यांची की भारताची, हे आईला तेव्हा ठाऊक नव्हते. "आणि ठाऊक असते तर तिने वेगळे काय केले असते?" असे म्हणून ते हसले.

ती विमाने भारताची होती. पुण्याच्या तळावरून निघालेल्या १२ कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर काही मिनिटांत ६३,००० पौंड वजनाचे बाँब टाकले. नंतर आठ विमानांची दुसरी फेरी झाली. सहा हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र मोडले. आदल्या दिवशी आगमनकाळातील तिसरा रविवार झाला होता. पुण्यातील आपल्या मंडळ्यांतून नाताळच्या गीतांचा सराव चालू असेल, आणि डोक्यावरून ही विमाने गेली असतील.

गोव्याची मुक्ती न्याय्य होती याविषयी आम्हांला शंका नाही. साडेचारशे वर्षांची सत्ता बोलणी करून जाईना. पण त्या दिवसाच्या आदेशांतील एक कलम आम्हांला विशेष वाटते. एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्या अधिपत्याखालील हवाई दलाला सांगितले होते की, धावपट्टी निकामी करा, परंतु विमानतळाच्या प्रवासी इमारतीला व इतर सोयींना धक्का लावू नका. तेथे उभी असलेली दोन प्रवासी विमानेही बचावली. खड्डे पडलेल्या धावपट्टीवरून ती रात्री कशीबशी उडाली, आणि काही पोर्तुगीज अधिकाऱ्यांची बायकामुले त्यांतून निघून गेली. दुसऱ्या बाजूसही एक माणूस होता. लिस्बनहून डॉ. सालाझार यांचा हुकूम होता की शरण जाऊ नये, मरेपर्यंत लढावे. गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांनी १९ डिसेंबरला शरणागती लिहून दिली. मायदेशी त्यांना लष्करातून काढून टाकण्यात आले. १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांची पदवी परत मिळाली. दोन्हीकडची माणसे त्या दोन दिवसांत मेली, युद्ध ते युद्धच. तरी "युद्धात हे व्हायचेच" असे जे आपण सहज म्हणतो, ते सर्वस्वी खरे नाही. हुकूम लिहिताना आत कोण आहे हे आठवता येते. बांबोळीच्या त्याच पठारावर आज गोव्याचे मोठे सरकारी रुग्णालय उभे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात (अनुवाद २०:१९) वेढा घातलेल्या नगराची फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा आहे. झाड म्हणजे काही लढणारा माणूस नव्हे, एवढे साधे कारण तेथे दिले आहे. झाडाची ही कथा, मग अंगणातल्या पोरांची काय?

हे आठवून देणारा माणूस लोकांना आवडत नाही. ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी इंग्लंडच्या उमरावांच्या सभागृहात उभे राहून, जर्मन शहरे सरसकट बाँबने बेचिराख करण्याचे समर्थन काय, असे आपल्याच सरकारला विचारले. ते नाझींचे मित्र नव्हते. छळ झालेल्या जर्मन ख्रिस्ती पुढाऱ्यांसाठी त्यांच्याइतके झटलेले इंग्रज थोडे. त्यांच्या स्वतःच्या देशातील कॉव्हेंट्रीचे कॅथीड्रल १९४० च्या नोव्हेंबरात जळाले होते. त्यांचे ऐकले गेले नाही. एका वर्षाने, १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री, ड्रेस्डेनवर बाँबवर्षाव सुरू झाला. दुसऱ्या दिवशी राखेचा बुधवार होता. सुमारे २५,००० माणसे मेली. आणि हे जुन्या काळी घडत असे म्हणावे, तर १६ मार्च २०२२ रोजी युक्रेनमधील मारियुपोलच्या नाट्यगृहावर बाँब पडला. आत शेकडो लोक आश्रयाला होते, आणि बाहेर जमिनीवर, आकाशातून वाचता यावे इतक्या मोठ्या अक्षरांत, रशियन भाषेत 'मुले' असे लिहिलेले होते.

योनाच्या पुस्तकाच्या अखेरीस देव त्याला वादात हरवीत नाही. निनवेचे अपराध तो नाकारीतही नाही. तो फक्त मोजतो. उजवा हात कोणता नि डावा कोणता हेही न समजणारी एक लाख वीस हजारांवर माणसे त्या भिंतींच्या आत आहेत, असे तो सांगतो. शिवाय पुष्कळ गुरे. गुरांचा हा उल्लेख आम्हांला पूर्वी उगाच जोडल्यासारखा वाटे. आमोण्याच्या ओसरीवर, दावी सोडण्याची हकिकत ऐकताना, तसा तो वाटला नाही. येशू प्रभूही यरुशलेम दिसताच रडला, ते दगडांसाठी नव्हे. त्या नगरीबरोबर तिची लेकरेही धुळीस मिळतील हे त्याने बोलून दाखविले आहे (लूक १९:४१–४४).

शिक्षकबंधुभगिनींना आमची विनंती आहे की यंदा योनाचा पाठ दोन रविवारांत घ्यावा आणि दुसरा रविवार सगळा चौथ्या अध्यायाला द्यावा. वर्गात एखादा मुलगा विचारील की, शत्रूसुद्धा देवाचा का? त्याला लगेच गप्प करू नये. एखाद्याचे वडील वा काका सैन्यात असतील. त्यांच्या सेवेचा मान राखूनच हे बोलता येते.

आमच्या मंडळीतील एका बहिणीचा मुलगा हवाई दलात आहे. मे महिन्यातील त्या आठवड्यात प्रार्थनासभेला नेहमीपेक्षा अधिक माणसे होती. आम्ही त्याच्या रक्षणासाठी प्रार्थना केली. सर्वांनी मोठ्याने आमेन म्हटले. लोक उठू लागले तरी ती बसूनच राहिली. "पाळकसाहेब, एक राहिले," ती म्हणाली. "त्याच्या हातून कुणाचे मूल जाऊ नये, हेही मागा." मागच्या बाकावर कोणी तरी पुटपुटले. आम्ही क्षणभर घुटमळलो, हे खरे. मग सगळे पुन्हा खाली बसले आणि आम्ही डोळे मिटले.