सत्पात्री दान आणि युद्धपीडित

देवदर्शन आटोपले की भाविकाचा हात आपसूक दानपेटीकडे वळतो. किती द्यावे, याचा विचार जो तो आपल्या ऐपतीप्रमाणे करतो. कोणाला द्यावे, हा विचार मात्र बहुधा देवावर सोपवला जातो. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक दानासाठी देश, काळ आणि पात्र या तिन्हींचा विचार आवश्यक मानला आहे. देश आणि काळ ओळखणे तुलनेने सोपे असते. खरी अडचण येते ती ‘पात्र’ या शब्दापाशी. दुष्काळात किंवा भूकंपात कोणी उघड्यावर आला, तर त्याच्या पात्रतेविषयी आपल्या मनात शंका उठत नाही. परंतु युद्धात किंवा दंगलीत घरदार गमावलेला मनुष्य समोर आला, की तो कोणत्या बाजूचा, असा प्रश्न मनात आधी डोकावतो. या प्रश्नामुळे कितीतरी हात अर्ध्यावर थांबतात. म्हणून त्याचा विचार येथे करीत आहोत.

ज्या भूमीत हे वाचन होत आहे, तिच्याशी या विषयाचा एक फार जुना धागा जुळतो. अष्टविनायकांची यात्रा करणारे भाविक रांजणगावहून सिद्धटेककडे जाताना शिरूर-दौंडच्या या परिसरातून प्रवास करतात. येथेच घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावच्या टेकाडांचे उत्खनन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. डॉ. ह. धी. सांकलिया, डॉ. झैनुद्दीन अन्सारी आणि डॉ. म. के. धवलीकर या विद्वानांच्या परिश्रमांतून इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती प्रकाशात आली. तेथे पाच खोल्यांचे एक मोठे घर सापडले आणि त्याच्या लगत धान्याचे कोठार. जमिनीत खणलेली पेवे आणि कणग्या ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे. ते घर ग्रामप्रमुखाचे असावे आणि कोठारातील धान्य गावाकडून गोळा होऊन प्रसंगी पुन्हा गावालाच वाटले जात असावे, असा अर्थ उत्खननकारांनी लावला. तो मान्य केला, तर सर्वांनी मिळून साठवावे आणि ज्याच्यावर वेळ येईल त्याच्यासाठी ते उघडावे, ही रीत या मातीत तीन हजार वर्षांपूर्वीही होती असे म्हणता येईल. अर्थात ते कोठार गावापुरते होते. गावाबाहेरच्या, परक्या भाषेच्या माणसासाठी ते उघडले गेले असते काय, हे मातीचे ओटे सांगत नाहीत.

गावाबाहेरच्यांसाठी कोठार उघडल्याचे जवळच्या काळातील उदाहरण महाराष्ट्रातच, कोल्हापूरजवळ वळिवडे येथे घडले. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी पोलंडच्या पूर्व भागातून लक्षावधी माणसांना सोव्हिएत राजवटीने सैबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केले. १९४१ मध्ये सुटकेचा मार्ग मोकळा झाल्यावर त्यांतील काही इराणमार्गे बाहेर पडले. शेकडो अनाथ बालकांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ मध्ये जामनगरजवळ बालाचडी येथे आश्रय दिला. त्यांच्या पालनपोषणासाठी भारतातील संस्थानिक आणि दानशूर मंडळींनी पैसा पुरवला. १९४३ मध्ये कोल्हापूर संस्थानात वळिवड्याची छावणी उभी राहिली. सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित तेथे राहिले. बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध. शाळा, रुग्णालय, प्रार्थनामंदिर असे एक छोटे गावच तेथे वसले. छावणीचा मुख्य खर्च लंडनमधील पोलिश निर्वासित सरकारने उचलला, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. कोल्हापूरने दिली ती जागा, शेजार आणि निर्भयपणे झोपता येईल अशी रात्र. दानाच्या हिशेबवहीत या गोष्टींसाठी रकाना नसतो.

या निर्वासितांची ‘बाजू’ कोणती होती? त्यांना ज्या राजवटीने देशोधडीला लावले, ती त्या वेळी ब्रिटिशांची मित्र झाली होती. म्हणजे राजकारणाच्या दृष्टीने त्यांचे दुःख कोणालाही सोयीचे नव्हते. त्याच वर्षी बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला होता आणि लाखो माणसे अन्नावाचून मरण पावली. घरचे उपाशी असताना बाहेरच्यांना का जेवू घालावे, हा आक्षेप आजही घेतला जातो. १९४३ मध्ये तर तो अधिकच टोचणारा होता. पण बंगालमधील माणसे वळिवड्याच्या मुलांनी खाल्लेल्या अन्नामुळे मेली नाहीत. युद्धकाळातील धोरणे, भडकलेल्या किमती, साठेबाजी ही त्याची कारणे होती. जो परक्याला घास देतो तोच घरच्याचा घास काढून घेतो, असे सहसा घडत नाही. घरच्याचा घास काढून घेणारे वेगळे असतात आणि ते बहुधा परक्यालाही काही देत नाहीत.

युद्ध संपल्यावर पोलिश मंडळी १९४८ पर्यंत निघून गेली. तोवर देशाची फाळणी होऊन सिंधमधून उखडले गेलेले आपलेच बांधव आसरा शोधत आले होते. वळिवड्याच्या त्याच जागी त्यांची वसाहत झाली. कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी सर्वत्र प्रसिद्ध असलेले गांधीनगर ते हेच. परक्यांसाठी उभारलेले छप्पर पाच वर्षांत स्वकीयांच्या कामी आले. याच निर्वासितांच्या साहाय्यासाठी जानेवारी १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या आवाहनावरून पंतप्रधान राष्ट्रीय साहाय्यता निधी स्थापन झाला. त्यात सरकारी तिजोरीतील पैसा नसतो. लोकांच्या ऐच्छिक देणग्यांवरच तो चालतो. आज आपण त्याला पूर आणि भूकंपाचा निधी म्हणून ओळखतो, पण त्याचा जन्म फाळणीच्या रक्तपातातून झाला आहे. पोलंडनेही आठवण ठेवली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे, वॉर्सा शहरात कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे आदरांजली वाहिली.

तथापि प्रत्येक दानाची परतफेड अशी सुखद होत नाही. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाने पोळलेल्या चीनसाठी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. जुलै महिन्यात निधी गोळा झाला, तो सुमारे २२,००० रुपये. भारत स्वतः पारतंत्र्यात आणि दारिद्र्यात असताना ही रक्कम जमली, हे ध्यानात घ्यावे. त्यातून पाच डॉक्टरांचे पथक रवाना झाले. नागपूरचे डॉ. चोळकर आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दोघे त्यात महाराष्ट्रातील. इतर चौघे परतले. कोटणीस रणभूमीवर जखमींची सेवा करीत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तेथेच निवर्तले. त्यानंतर वीस वर्षांनी, १९६२ मध्ये चीनने भारतावर आक्रमण केले. मग ते दान वाया गेले काय? असा प्रश्न विचारणाऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे, पण उत्तर नाही असेच द्यावे लागते. १९३८ साली ज्याचा पाय बॉम्बने तुटला होता, त्याची वेदना पुढील वीस वर्षांच्या राजकारणाने खोटी ठरत नाही. युद्धपीडिताची पात्रता त्याच्या आजच्या गरजेत असते. तो अथवा त्याचा देश उद्या कसा वागेल, याची हमी मागून दिलेले दान म्हणजे एक प्रकारचा करारच.

येथे एक गंभीर शंका उरते आणि ती टाळून चालणार नाही. आपण दिलेले अन्न शस्त्रधाऱ्यांच्याच पोटात गेले तर? १९९४ मध्ये रवांडातील वंशसंहारानंतर शेजारच्या झैरे देशात गोमा येथे निर्वासितांच्या प्रचंड छावण्या उभ्या राहिल्या. ज्यांनी हत्याकांड केले, तेही त्या गर्दीत मिसळून आले आणि छावण्यांवर सत्ता गाजवू लागले. मदतीच्या धान्यावर त्यांचेच पोषण होत आहे, हे पाहून ‘सीमारहित डॉक्टर’ या संस्थेच्या फ्रेंच शाखेने तेथून माघार घेतली. इतर संस्था मात्र मुलांकडे पाहून थांबल्या. या दोहोंपैकी कोणालाही दोष देणे आम्हास योग्य वाटत नाही. गरज हीच पात्रता, हे मान्य केले म्हणून डोळे मिटून द्यावे असे होत नाही. आपले दान कोणत्या हातांतून जाते हे पाहणे, हा दात्याच्या कर्तव्याचाच भाग आहे.

शिवाय युद्धाच्या जखमा वर्तमानपत्रांतील मथळ्यांपेक्षा फार काळ टिकतात. पुण्यातील तरुण अधिक कदम यांनी काश्मीरमध्ये कुपवाडा येथे संघर्षात पोरक्या झालेल्या मुलींसाठी निवास सुरू केला तो २००२ च्या सुमारास. पाच-सहा वर्षांची मुलगी घरी आणली, की तिचे शिक्षण पुरे होईपर्यंत पंधरा वर्षे रोजचा दूध-भात, वह्या, औषधे आणि शुल्क यांची तजवीज करावी लागते. अशा कार्याला एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा दरवर्षी न चुकता येणारी लहान रक्कम अधिक उपयोगी पडते. वस्तूंपेक्षा रोख रक्कमही बरी, कारण जुन्या कपड्यांचे गठ्ठे वाहून नेण्यात आणि निवडण्यात जो खर्च होतो, त्यात स्थानिक बाजारातून नवे कपडे येऊ शकतात.

देणगीदारांच्या माहितीसाठी एवढे सांगणे आवश्यक आहे, की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० नुसार कोणत्याही नोंदणीकृत न्यासाला आपला निधी आपल्या घटनेत नमूद केलेल्या उद्देशांसाठीच खर्च करता येतो. दानपेटीतील रक्कम विश्वस्तांना मनात आले म्हणून दूरच्या युद्धपीडितांकडे वळवता येत नाही. तशी इच्छा असल्यास भाविकांनी साहाय्यता निधीस किंवा त्या कामासाठी नोंदलेल्या संस्थेस थेट आणि वेगळी देणगी द्यावी, पावती घ्यावी, त्या पावतीवर देणगीचे प्रयोजन स्वतः पाहून लिहवून घ्यावे आणि वर्षअखेरीस त्या संस्थेचा हिशेब मागावा.