तारीख नसलेली काळजी

गुरुवारी अक्कलकोटच्या वटवृक्ष मंदिरातली रांग तास-दीड तास सहज घेते. रांगेत माणसं देवाविषयी फारसं बोलत नाहीत. बीपीची गोळी सकाळी घेता की रात्री, उपाशीपोटी शुगर किती, गुडघ्याला कोण बरा, असंच काहीबाही चाललेलं असतं. माझी मावशी या रांगेतली जुनी. दुखणं कधीपासून, असं तिला विचारलं की ती दुखण्याची नव्हे, घराची हकीकत सांगते. बहात्तरच्या दुष्काळात सोळाव्या वर्षी खडी फोडली, सुकडीवर दिवस काढले. मग लग्न, कोरडवाहू जमीन, सोसायटीचं कर्ज. पुढं नवऱ्याला अर्धांगवायू. आठ वर्षं त्याचं सगळं अंथरुणात केलं. ‘बीपी व्हय? ते आलं असंच मागनं,’ म्हणते.

‘असंच मागनं’ या दोन शब्दांत बरंच शास्त्र आहे. केसपेपरवर मात्र त्याला रकाना नसतो.

आपल्या भाषेला हे आधीपासून ठाऊक असावं. तिनं काळजी कधी डोक्यात ठेवलीच नाही. पोटात गोळा येतो, घशाला कोरड पडते, काळजाला घरं पडतात, जीव टांगणीला लागतो. प्रयोगशाळेत ही गोष्ट 1936 साली हान्स सेल्ये यांनी उंदरांवर मांडली. थंडी, जखम, विष अशी त्रासाची कारणं वेगवेगळी असली, तरी शरीराची प्रतिक्रिया ठरावीक होती : आधी धोक्याची घंटा, मग तग धरणं आणि त्रास थांबलाच नाही तर शेवटी गळून जाणं.

बैल उधळून अंगावर आला की अॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल धावून येतात. रक्तदाब चढतो, रक्तात साखर सोडली जाते आणि पचन, झीज भरून काढणं, जखम सांधणं ही दुरुस्तीची कामं पुढं ढकलली जातात. दहा मिनिटांत बैल निघून गेला तर ही व्यवस्था नामी. पण कर्ज म्हणजे बैल नव्हे. मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडं लागलेले डोळेही दहा मिनिटांत खाली येत नाहीत. दुरुस्ती मग वर्षानुवर्षं पुढं ढकललेलीच राहते. ब्रूस मॅकइवेन आणि इलियट स्टेलर यांनी 1993 साली या साचत गेलेल्या झिजेला ‘अॅलोस्टॅटिक लोड’ हे नाव दिलं. आमच्याकडच्या शेतकऱ्याला ते नाव लागत नाही. कमी दाबाच्या विजेवर रेटलेली मोटार पाणी देत राहते आणि एक दिवस जळते, हे त्यानं पाहिलेलं असतं. कॉर्टिसॉल सतत चढं राहिलं तर पोटाभोवती चरबी धरते, स्नायू आणि हाडं झिजतात, झोप तुटते. उतारवयात तर धक्का ओसरून शरीर पूर्वपदावर यायलाच जास्त वेळ लागतो. तरुणपणी पचलेला घोर साठीनंतर अंगावर दिसतो, तो असा.

मावशीच्या टाचेला एक भेग होती, तीन महिने भरली नाही. शुगर आहे, दुसरं काय, असं आम्ही म्हणालो आणि ते खोटंही नव्हतं. पण नंतर जॅनिस कीकोल्ट-ग्लेझर यांचा 1995 सालचा अभ्यास वाचनात आला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची देखभाल करणाऱ्या 13 बायका आणि तशी जबाबदारी नसलेल्या 13 बायका, सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी जखम केली. देखभाल करणाऱ्यांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. संख्या लहान, हे खरं. तरीही मला त्या आठ वर्षांची आठवण झाली.

अशा माणसाला आपण सल्ला काय देतो? ‘टेन्शन घेऊ नका.’ जणू टेन्शन बाजारात मांडलंय आणि हिनंच हौसेनं पिशवीत भरलंय! मला या सल्ल्याची चीड आहे. लंडनच्या सरकारी नोकरांवर 1967 पासून झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या पायरीवरच्या पुरुषांत हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण वरच्या साहेबांच्या सुमारे तिप्पट निघालं. बिडी-सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल धरूनही हा फरक पुरता उलगडला नाही. पुढच्या अभ्यासांत मायकल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की आपल्या कामावर आपला ताबा किती, याचाही त्यात मोठा वाटा आहे. जबाबदारी साहेबालाही असते; पण फाइल कधी हलवायची हे तो ठरवतो. कोरडवाहूवाल्यानं काय ठरवायचं? पाऊस त्याच्या हातात नाही, दुधनीच्या बाजारात तुरीला काय भाव फुटेल तेही नाही. तारीख असलेली काळजी माणूस सोसतो. हिला तारीखच नाही.

1878 साली समाधी घेईपर्यंत स्वामी समर्थ सुमारे दोन दशकं या गावात होते. त्यांच्या नावानं रिक्षांवर, दुकानांवर सगळीकडं एकच वाक्य दिसतं : भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे. त्यानं कॉर्टिसॉल उतरतं असा दावा मी करणार नाही. मला त्यातला ‘पाठीशी’ हा शब्द महत्त्वाचा वाटतो. मारुतीच्या पारावर कन्नड बोलणारे म्हातारे एकमेकांना ‘चिंती माडब्याड’ म्हणतात, म्हणजे काळजी करू नको. शब्द त्या डॉक्टरी सल्ल्याचेच. पण म्हणणारा उद्याही शेजारी बसलेला असणार. मात्र पाठीशी उभं राहण्याचं सगळं काम देवावर आणि शेजाऱ्यावर टाकून पीकविमा आणि निराधारांची पेन्शन यांनी रेंगाळत राहावं, हे मला पटत नाही. वेळेवर आलेला टँकरही रक्तदाबाचं औषध आहे.

दर्शन झाल्यावर मावशी अन्नछत्रात जेवते. 1988 पासून ते चालू आहे. पंगतीत ती मांडी घालून बसत नाही, गुडघे मोडत नाहीत; बाकावर बसते. हे एक जेवण असं, की काय शिजवायचं, कुणाला पुरेल, याचा हिशेब तिला करावा लागत नाही. परवा जेवून तिनं पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, तेवढ्यात फोन वाजला. मुलगा. बोरी नदीला कुरनूरचं पाणी सोडणार म्हणतात, पण कधी ते कुणी सांगत नाही. मोटार बसवून ठेवू का? दोघांचं बराच वेळ चाललं. फोन ठेवून तिनं पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारलं, ‘घेतली का गं मी गोळी?’