दुखणे प्रभूला वाहावे की गोळी घ्यावी?



आमच्या आत्याला वयाच्या ७१व्या वर्षी नागीण झाली. डाव्या बरगडीखालून थेट पाठीपर्यंत पाण्याच्या बारीक फोडांचा पट्टा उठला. नुसती आग आग होई. अंगाला कपडा लागला तरी ती कळवळे, पंख्याचा वाराही तिला सोसवत नसे. कोणी म्हणाले गेरू लावा, कोणी म्हणाले उतरवून घ्या. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले तर माणूस वाचत नाही, असेही एकाने सांगितले. चार दिवस त्यातच गेले.

आणि मी काय केले? तिच्या उशाशी बसून म्हणालो, ''आत्या, प्रभूने क्रूसावर किती सोसले! तूही हे त्याला वाहा.'' आपण फार श्रद्धेचे बोललो असे मला तेव्हा वाटले. आत्याने मान हलवली आणि हातातली रोजरी घट्ट धरली. त्या रात्री ती बसून होती. मी मात्र घरी जाऊन शांत झोपलो.

ती रात्र आठवली की आजही मनाला टोचणी लागते. दुसऱ्याला 'सोस' असे सांगण्याचा अधिकार मला कोणी दिला?

आधी हा आजार समजून घेऊ. नागीण हा कोणाचा शाप नाही आणि पापाची शिक्षाही नाही. लहानपणी कांजिण्या येतात आणि बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षे निपचित पडून राहतो. वय वाढले किंवा प्रतिकारशक्ती कमी झाली की तो जागा होतो आणि मज्जातंतूच्या वाटेने कातडीपर्यंत येतो. इंग्लंडमधील एडगर होप-सिम्पसन या एका साध्या फॅमिली डॉक्टरांनी आपल्या रुग्णांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९६५ साली हे मांडले. असा मज्जातंतू शरीराची एकच बाजू सांभाळतो, म्हणून पट्टाही बहुधा एकाच बाजूला राहतो. तोंड आणि शेपूट जुळण्याची भीती निराधार आहे.

या विषाणूवर असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर अशी औषधे आहेत. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू झाली तर सर्वांत चांगला गुण येतो. कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड आले तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे, कारण दृष्टीला धोका असतो. आमचे ७२ तास गेरूत आणि माझ्या उपदेशात गेले.

तीन आठवड्यांत आत्याचे फोड सुकले, खपल्या पडल्या, पण दुखणे गेले नाही. चार महिने झाले तरी विजेचा झटका बसावा तशी कळ येई. घरात कुजबुज सुरू झाली, ''फोड तर गेले, आता हिला कसले दुखते?'' डॉक्टरांनी समजावले तेव्हा कुठे आमचे डोळे उघडले. विजेच्या तारेवरचे आवरण सोलले जावे तसा मज्जातंतू दुखावलेला असतो. कातडी बरी दिसली तरी तो खोटे संदेश पाठवतच राहतो. उतारवयात हे अधिक होते. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यांचा त्यावर फारसा उपयोग होत नाही. गॅबापेंटिन, प्रीगाबालिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधे डॉक्टर थोड्या प्रमाणात सुरू करून हळूहळू वाढवतात. त्यांनी झोप येते, चक्कर येऊ शकते, म्हणून म्हाताऱ्या माणसाला रात्री उठताना हात द्यावा लागतो. यांतली काही औषधे फिटसाठी किंवा मनाच्या आजारासाठीही देतात. हे कुठूनतरी कानावर आले आणि आत्याने गोळ्या बंद केल्या. ''मी काय वेडी आहे?'' असे ती म्हणाली. समजूत काढायला आठवडा लागला.

आता मूळ प्रश्न. वेदना कमी करण्यासाठी औषध घेणे म्हणजे क्रूस टाकून देणे आहे काय? हाच प्रश्न भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी पोप पायस बारावे यांना विचारला होता. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी त्यांनी उत्तर दिले, की श्रद्धेपोटी वेदनाशामक नाकारलेच पाहिजे असे कोणतेही बंधन ख्रिस्ती माणसावर नाही. स्वतःहून कोणी वेदना स्वीकारली तर ती त्याची इच्छा.

शुभवर्तमानातही हेच दिसते. क्रूसावर खिळण्याआधी येशूला गंधरस मिसळलेला द्राक्षारस देऊ केला, तो त्याने घेतला नाही, असे संत मार्क सांगतो. पण हा नकार त्याने स्वतःपुरता दिला. त्याच्याकडे आलेल्या एकाही आजाऱ्याला त्याने 'सोस' म्हणून परत पाठवले नाही. चांगल्या शोमरोनीने जखमी माणसाला प्रवचन दिले नाही, त्याच्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ११ फेब्रुवारी १९८४ रोजी दुःखाच्या अर्थाविषयी पत्र लिहिले. त्यातही आपल्या दुःखाने इतरांचे भले करणे आणि दुःखी माणसाचे भले करणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकत्र सांगितल्या.

मग दुःख प्रभूला वाहण्याला अर्थ नाही का? आहे. पण ते ज्याचे दुःख, त्यानेच वाहायचे असते. क्रूस आपण स्वतः उचलू शकतो, दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवू शकत नाही. कुरेनेकर शिमोनासारखा दुसऱ्याचा क्रूस उचलायला हात मात्र लावू शकतो.

हे मला आत्यानेच शिकवले. औषध लागू पडल्यावर ती एकदा म्हणाली, ''बाबा, दुखत होते तेव्हा माझे मन रोजरीच्या दुसऱ्या रहस्यापर्यंतही टिकत नव्हते. आता पाचही होतात. थोडे दुखते अजून. तेवढे मी वाहते.'' त्यावर मी काय बोलणार?

आपल्या धर्मग्रामातही असे कोणी असेल. बाकावरची नेहमीची जागा रिकामी दिसली तर घरी जा. नागिणीचा संसर्ग होऊन दुसऱ्याला नागीण होत नाही. मात्र ज्याला कांजिण्या आलेल्या नाहीत त्याला फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या होऊ शकतात. म्हणून फोड झाकलेले असावेत आणि खपली धरेपर्यंत गरोदर स्त्रिया व तान्ही बाळे दूर असावीत. ५० वर्षांवरील माणसांसाठी दोन डोसांची लसही २०२३ पासून भारतात मिळते. ती महाग आहे, पण डॉक्टरांना विचारून पाहावे.

आणि आजाऱ्याजवळ बसल्यावर माझ्यासारखे बोलू नका. 'कसे दुखते?' एवढे विचारा, तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा आणि वेळ न घालवता डॉक्टरांकडे न्या. प्रभू आपल्या सर्वांना तशी बुद्धी देवो.