धोतर आणि रणगाडा

पॅटन रणगाड्यावर उभे असलेले लालबहादूर शास्त्री. १९६५च्या युद्धातले हे छायाचित्र बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेले असते. पाकिस्तानकडून जिंकून घेतलेले ते लोखंडी धूड, भोवती जवान आणि अधिकारी, आणि वर लहानखुऱ्या चणीचा एक माणूस. अंगात नेहमीचे साधे कपडे, कमरेला धोतर. रणगाड्यावर चढायला धोतराइतका अडचणीचा पोशाख दुसरा नसेल. सोगा सावरायचा, पाय कुठे टेकवायचा ते पाहायचे, कुणाचा तरी हात धरायचा. मागितली असती तर लष्करी पँट आणि जाकीट त्यांना पाच मिनिटांत मिळाले असते. पण देशाचा पंतप्रधान संसदेत ज्या कपड्यांत बसतो, त्याच कपड्यांत तो रणगाड्यावर चढला.

आता दुसरे छायाचित्र. २०१४ साली सियाचिनला जाऊन पंतप्रधान नरेंद्र मोदींनी जवानांसोबत दिवाळी साजरी केली आणि पुढे दरवर्षी हा क्रम चालू ठेवला. प्रथा चांगली आहे, हे मी मनापासून म्हणतो. ज्याच्या घरी त्याच्यावाचून पणत्या लागतात, त्याला देशाचा पंतप्रधान स्वतःच्या हाताने मिठाई भरवतो, याचे मोल मोठे आहे. २०२० साली लोंगेवालाला पंतप्रधान रणगाड्यावर दिसले ते लष्करी पोशाखात. पुढच्या वर्षी नौशेरात आणि त्याच्या पुढच्या वर्षी कारगिलमध्येही पोशाख लष्करीच होता. यजमान पलटणीने पाहुण्याच्या अंगावर आपले जाकीट घालणे हा पाहुणचार आहे, असे कुणी म्हणेल. ते एका संध्याकाळपुरते मलाही मान्य आहे. पण त्या संध्याकाळची छायाचित्रे पुढे वर्षभर देशभर फिरत राहतात. त्या दोन रणगाड्यांमध्ये ५५ वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात आपल्या लोकशाहीतले काहीतरी निसटले आहे असे मला वाटते.

हा एका पक्षाचा प्रश्न नाही. १९२८च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये सुभाषबाबू स्वयंसेवक दलाचे प्रमुख म्हणून खास शिवून घेतलेल्या लष्करी गणवेशात वावरले होते आणि गांधीजींना तो थाट मुळीच रुचला नव्हता. पुढे सुभाषबाबूंनी त्या ओढीची किंमत पुरेपूर मोजली, म्हणून त्यांच्याविषयी बोलताना माझा आवाज खाली येतो. २०१९च्या मार्चमध्ये, बालाकोटच्या हल्ल्याला आठवडाही झाला नव्हता, तेव्हा दिल्लीचे भाजप खासदार मनोज तिवारी लष्करी छापाचे कपडे घालून पक्षाच्या मोटारसायकल फेरीत उतरले. सैन्याचा अभिमान वाटतो म्हणून घातले, असे त्यांनी सांगितले. त्यानंतर काही दिवसांतच निवडणूक आयोगाने पक्षांना पुन्हा बजावले की प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नका. तीच सूचना आयोगाने २०१३च्या डिसेंबरमध्येही दिली होती. छायाचित्रांवर बोट ठेवता येते. कपड्यांवर ठेवायचे तर कठीण जाते.

कायद्यात याविषयी काय आहे? भारतीय न्याय संहितेच्या १६८व्या कलमात, म्हणजे जुन्या दंडसंहितेच्या १४०व्या कलमात, सैनिक नसताना सैनिकासारखा वेष करणे किंवा चिन्ह बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही. मात्र लोकांनी आपल्याला सैनिक समजावे असा हेतू असला, तरच हा गुन्हा होतो. ज्याचा चेहरा साऱ्या देशाला ठाऊक आहे, त्याला कुणी सैनिक समजणार नाही. तेव्हा पुढारी या कलमात बसत नाही, आणि बसवूही नये. ते कलम वेगळ्याच माणसांसाठी आहे. २०१६च्या जानेवारीत पठाणकोटच्या हवाई तळावर शिरलेले हल्लेखोर लष्करी वेषात आले होते. त्यानंतर लष्कराने लोकांना असे कपडे घालू नका आणि दुकानदारांना विकू नका, अशी विनंती केली. २०२२ साली नवा लढाऊ गणवेश आला तेव्हा त्याच्या नक्षीची नोंदणीच करून टाकली, म्हणजे ती बाजारात उघड्यावर विकली जाऊ नये. एवढे करूनही आमच्या आठवडी बाजारात कांद्याबटाट्याच्या ढिगाशेजारी तसल्या छापाच्या पँटी टांगलेल्या असतातच. पोरे हौसेने घेतात. त्यांच्यावर माझा राग नाही.

माझ्या आक्षेपाचे मूळ शपथेत आहे. सैन्यात भरती झालेला मुलगा प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडला उभा राहतो. तिथे तो कबूल करतो की जमिनीवरून, समुद्रावरून किंवा हवेतून, जिथे पाठवाल तिथे जाईन आणि जिवाला धोका असला तरी वरिष्ठांची आज्ञा पाळीन. गणवेश म्हणजे ही कबुली. त्या कापडाचा अर्थ शौर्याच्याही आधी आज्ञापालन हा आहे. मंत्री जी शपथ घेतो तिच्यात आज्ञापालनाचा शब्द नाही. संविधानाशी निष्ठा आणि भीती वा पक्षपात न करता न्याय, हे त्याचे वचन. लढायचे की नाही हे तो ठरवतो आणि सैनिक ते पाळतो. ठरवणारा साध्या कपड्यांत असतो, कारण त्याला लोकांनी निवडलेले असते आणि लोक त्याला घरीही पाठवू शकतात. शास्त्रीजींचे धोतर त्या रणगाड्यावर हेच सांगत होते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जास्त सलते. संविधानाच्या ३३व्या अनुच्छेदाने सैनिकांचे मूलभूत हक्क मर्यादित करण्याचा अधिकार संसदेला दिला आहे. त्याच्या आधाराने लष्करी कायदा आणि नियम जवानाला राजकीय सभेला जाऊ देत नाहीत, परवानगीवाचून वर्तमानपत्राशी बोलू देत नाहीत. हे योग्यच आहे, सैन्याने राजकारणापासून दूर राहिलेच पाहिजे. पण मग प्रश्न येतो: ज्याला प्रचारसभेच्या मंडपात पाऊल टाकायची मनाई आहे, त्याचे कपडे तिथे व्यासपीठावर कसे चालतात? माझ्या अंगावरचे कापड उतरवा, असे तो पुढाऱ्याला म्हणू शकत नाही. ज्याचे तोंड नियमाने बंद आहे, त्याच्या नावावर मते मागणे मला अन्यायाचे वाटते. आणि एकदा नेत्याने ते कापड पांघरले की त्याला विचारलेला प्रश्न सैनिकाला विचारल्यासारखा वाटू लागतो. युद्ध का झाले, दारूगोळा कमी का पडला, रस्ता वेळेवर का झाला नाही, हे सगळे सरकारला विचारायचे प्रश्न आहेत. विचारणाऱ्याची जीभ मात्र कापडाकडे बघून अडखळते.

ती कशी अडखळते, हे मी पाहिले आहे. माझे तात्या, म्हणजे चुलते, मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावला घडले, हवालदार म्हणून पेन्शनीत आले. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात प्रत्येक आळीत एखादा तरी असा माणूस असतोच. अपशिंगे या गावाच्या तर नावालाच 'मिलिटरी' चिकटले आहे. एका जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत पारावर आम्ही बसलो होतो आणि उघड्या जीपमधून एक उमेदवार आला. लष्करी छापाचे जाकीट, तसलीच टोपी, बुटांपर्यंत सगळे जुळवलेले. जीप लांब होती, तात्यांची नजर अधू झालेली. ते उठले. पाठ ताठ झाली, टाचा एकमेकींना लागल्या. जीप जवळ आल्यावर त्यांनी शेजारच्या पोराला विचारले, "कुठल्या पलटणीचा रे?" पोर म्हणाले, "पलटणीतले न्हाईत तात्या, उभं राहिल्यात." तात्या काही बोलले नाहीत. हळूच खाली बसले आणि बराच वेळ काठीच्या टोकाने माती उकरत राहिले. म्हाताऱ्या माणसाची ती ताठ झालेली पाठ त्या उमेदवाराने फुकट घेतली होती, आणि घेतली हे त्याला कळलेही नसेल.

हे कापड महाराष्ट्रात काहींना मागूनही मिळालेले नाही. ब्रिटिशांच्या मुंबई फौजेत महार सैनिकांनी पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली, आणि १८९०च्या दशकात लढवय्या जातींची टूम काढून त्यांची भरतीच बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांसारख्या माजी सैनिकाने त्यासाठी अर्ज लिहिले. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर मोडून टाकली. शेवटी १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली, आणि त्यामागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पाठपुरावा होता. सुभेदाराचा मुलगा, महूच्या छावणीत जन्मलेला. गणवेशावर ज्याने वारसा सांगावा असा याहून मोठा राजकीय नेता मला माहीत नाही. पण आपल्या डोळ्यांसमोर बाबासाहेब उभे राहतात ते सुटाबुटात, हातात पुस्तक घेऊन.

प्रत्येक वेळी कापड खोटेच असते असे मी म्हणत नाही. २००९च्या नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई विमानातून गेल्या, वयाच्या ७४व्या वर्षी. त्यांच्या अंगावर वैमानिकाचा पोशाख होता, कारण वेगाने वळणाऱ्या विमानात रक्त पायांकडे उतरून शुद्ध हरपू नये म्हणून तो पायांना आवळून धरतो. तो पोशाख उड्डाणापुरता होता. सियाचिनला जाणाऱ्या संरक्षणमंत्र्यांच्या अंगावरचे बर्फातले कपडेही तसेच. थंडी पद पाहत नाही.

अवघड प्रश्न आहे तो युक्रेनच्या झेलेन्स्कींचा. त्यांनी सैन्यात नोकरी केलेली नाही, तरी २०२२च्या फेब्रुवारीपासून ते हिरवट लष्करी ढंगाच्या कपड्यांत वावरू लागले. २०२५ साली व्हाइट हाउसमध्ये एका वार्ताहराने त्यांना सूट का घालत नाही असे विचारले, तेव्हा युद्ध संपल्यावर घालीन, असे ते म्हणाले. मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे. त्यांच्या कपड्यांवर हुद्द्याची पट्टी नाही, पदक नाही. राजधानीवर बॉम्ब पडत असताना ते तिथेच राहिले, आणि लष्करी कायद्यामुळे निवडणुका थांबलेल्या असल्याने त्या कापडावर मते मागितली जात नाहीत. म्हणून मी ते स्वीकारतो. पण युद्ध संपल्यावर पहिल्या प्रचारसभेत ते काय घालतात, याकडे माझे लक्ष राहील. उलट टोकाला सद्दाम हुसेन आहेत. सैन्यात एक दिवसही न काढता १९७६ साली ते जनरल झाले आणि १९७९ साली फील्ड मार्शल. लष्करी थाटातली त्यांची चित्रे इराकभर लागली. प्रश्न विचारणाऱ्यांचे तिथे काय झाले, ते जगाने पाहिले.

आपल्याकडे चांगली माणसे होऊन गेली आहेत, आणि फार लांबची नव्हेत. चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर १९६२च्या नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. खचलेल्या सैन्याला उभारी द्यायची होती, आणि त्यासाठी त्यांना गणवेशाची गरज भासली नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर त्याच पदावर असताना अर्ध्या बाह्यांच्या शर्टात वावरायचे. त्या साध्या शर्टापुढे सैन्याने सलामी दिली की लोकांचे राज्य म्हणजे काय, ते कुणालाही न सांगता समजायचे.

तात्यांचा गणवेश काळ्या लोखंडी ट्रंकेत असायचा. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आत डांबराच्या गोळ्या, ब्रासोचा डबा, खांद्यापाशी विरलेला सदरा. पेन्शनीत आल्यावर त्यांनी तो एकदाही अंगावर चढवला नाही. २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाला जायचे ते टेरिकॉटच्या साध्या कोटावर पदके लावून. एका वर्षी माझ्या धाकट्या मुलाला स्नेहसंमेलनात जवान व्हायचे होते, आणि त्याने आजोबांच्या टोपीचा हट्ट धरला. तात्यांनी ट्रंक उघडली, टोपी बाहेर काढली, फुंकर मारून धूळ उडवली. मग नखाने मागचा खिळा सैल करून पलटणीचा बिल्ला सोडवला, सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवला, खिशाचे बटण लावले आणि मग ती टोपी मुलाच्या डोक्यावर ठेवली.