असन्निधानीची प्रतीक्षा

नित्य प्रार्थना करूनही परमेश्वर उत्तर का देत नाही, असे कोरेगावकडील वासनिक पुष्कळदा पुसतात. या भागास अवर्षण नवे नाही. १९७२ चा दुष्काळ वडीलधाऱ्यांच्या स्मरणात अजून आहे. परंतु पाऊस, पीक, संतती ही फळे कर्मानुसार देवतांकडून मिळतात, असे आपले शास्त्र. परमेश्वरापाशी मागावयाचे ते त्याचे सन्निधान आणि प्रेम; त्याचा समय जीवाच्या हाती नाही. (मात्र ‘समय आला नाही’ हे साधकाने स्वतःस सांगावे. ज्याची विहीर आटली त्याच्या दारी जाऊन सांगणे निष्ठुरपणाचे होय.)

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी उत्तरापंथे गेले, तेव्हा भक्तजनांची आर्ती केवढी असेल! पूर्ववत सन्निधान त्यांना पुन्हा लाभले नाही. तरी ते स्वस्थ बसले नाहीत. श्रीनागदेवाचार्य रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिले. म्हाइंभटांनी गावोगाव हिंडून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून पुसून घेऊन लीळा मिळविल्या. स्वामी समोर असते तर हा खटाटोप कोणी कशाला केला असता? लीळाचरित्र हे त्या विरहाचेच फळ. स्वामींना कधीही न पाहिलेला कोरेगावचा वासनिक आज स्मरणास बसतो, तो त्याच लीळा आठवीत.